विहिणींची राहिलेली गळाभेट

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे ज्येष्ठ विश्वस्त आप्पासाहेब, प्रमुख पाहुण्या, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, माझे सहकारी डॉक्टर, परिचारिका भगिनी, आणि पाथर्डी-मिरजगावहून एसटीनं धक्के खात आलेल्या माझ्या जुन्या पेशंट बायांनो, तुम्हा सर्वांना विजयमालाचा नमस्कार.

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की मला वाटलं, ही बाई आहे तरी कोण, एकदा भेटायला हवं. आप्पासाहेब, शालीबद्दल आभार. या उकाड्यात ती अंगावर ठेववत नाही, म्हणून खुर्चीवर ठेवली आहे. राग मानू नका. खरं सांगू का? मी थकले आहे. निवृत्तीचा आनंद झाला का, असं सकाळपासून सगळे विचारताहेत. मला फक्त झोप येते आहे.

मागच्या फलकावर लिहिलं आहे, ‘विशिष्ट शस्त्रक्रियेच्या उपकरणाच्या निर्मात्या’. विशिष्ट म्हणजे कुठली हो? मी दिलेल्या मजकुरात ‘स्तन’ हा शब्द होता. छापून आला तेव्हा तो गायब. असू द्या. मी बोलणार आहे, तेव्हा कुणाला बाहेर चहाला जायचं असेल तर जाऊन या.

कर्करोगात स्तन काढावा लागला, की काही जणी त्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवून घेतात. काही वर्षांनी ती कधी कधी आतल्या आत फुटते. आतला गर काकवीसारखा चिकट. हातमोज्याला लागतो, चिमट्याला लागतो, पुसावा तर पसरतो. मागे राहिला तर त्याच्या गाठी होतात आणि बाईच्या जिवाला पुन्हा घोर. आमचं उपकरण म्हणजे गुळगुळीत काठाची, रुंद तोंडाची नळी आणि मागे बंद पिशवी. तोंड सलाइननं ओलं ठेवायचं, म्हणजे गर काठाला न चिकटता थेट आत ओढला जातो. थालीपीठ थापताना पाण्याचा हात घेतो ना आपण, तसंच. माझी तरुण सहकारी डॉक्टर अलिझा आणि मी त्यावर बरीच वर्षं घालवली. आता ते अलिझाच्या हाती आहे आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. झालं उपकरणाचं कौतुक.

आता चांगुणाबाईंचं सांगते. मिरजगावच्या. नाव घेऊ का, असं काल फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, “घ्या की मॅडम. आता कुनाचं लगीन ऱ्हायलंय?”

त्यांची पिशवी फुटली, ते तपासणीत दिसलं, मी लगेच ऑपरेशन करू म्हटलं. त्यांनी हात जोडले. “मोनिकाचं जमलंय मॅडम. सोयऱ्यांना कळलं तर म्हन्तील, आईला हाय म्हंजी पोरीलाबी हुईल. लगीन हुंद्या, मग काय कापायचं ते कापा.” मी रागावले, समजावलं. उपयोग शून्य. अशा किती जणींना मी समजावलं असेल! साखरपुडा होऊ द्या, बारसं होऊ द्या, दिवाळी होऊ द्या. आजार बिचारा ताटकळत बसतो, असं यांना वाटतं.

लग्न थाटात झालं. विहिणींची गळाभेट आली. समोर मुलाची आई, रतनबाई. चांगुणाबाईंची छाती ठणकत होती. त्यांनी हात आडवा धरला आणि अंग चोरलं. गंमत अशी, की रतनबाईंनीही नेमकं त्याच वेळी अंग चोरलं. दोघी लांबूनच कुंकू लावून मोकळ्या झाल्या. मांडवात कुजबुज झाली. इकडचे म्हणाले, विहीणबाईंना लई ताठा हाय. तिकडचेही तेच म्हणाले. पुढं वर्षभर दोघी सणावारालाही एकमेकींच्या उंबऱ्याला गेल्या नाहीत.

लग्नानंतर चांगुणाबाई आल्या. ऑपरेशन झालं, सगळा गर निघाला, आज त्या ठणठणीत आहेत. आणि वर्षभरानं मोनिका सासूला घेऊन माझ्याकडे आली. रतनबाईंच्या स्तनात गाठ होती, पार काखेपर्यंत गेलेली. कधीपासून आहे, विचारलं. खाली मान घालून म्हणाल्या, “लग्नाच्या आधीपास्नं. म्हनलं, पोरीकडच्यांना कळलं तर पोरगी देतील का न्हाई?”

दोघी एकमेकींना घाबरत होत्या, आणि दोघींना एकच भीती होती. चांगुणाबाईंना निरोप गेला, तशा त्या धावत आल्या. शेवटपर्यंत रतनबाईंच्या उशाशी बसल्या, त्यांना भाताची पेज भरवली. पण गळाभेट काही झाली नाही. रतनबाईंना तेव्हा साधा हातही लावला तरी दुखायचं. गेल्या महिन्यात त्या गेल्या.

फुटलेली पिशवी काढायला आता उपकरण आहे. रतनबाईंसाठी माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि खरी थकले ती तिथं. एवढ्यासाठीच मी ‘स्तन’ हा शब्द या फलकावर मागितला होता.

असो. फार बोलले. रुग्णालयाचे, सहकाऱ्यांचे, माझ्या तापट स्वभावाला इतकी वर्षं सांभाळून घेणाऱ्या परिचारिकांचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर थकल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला.

आप्पासाहेब, हार राहू द्या. चांगुणाबाई तिकडे मोनिकाशेजारी बसल्यात, मघापासून पदर डोळ्याला लावून. चांगुणाबाई, उठू नका, मीच खाली येते. आता दुखत नाही ना? मग घट्ट भेटा.