चुन्याची फुली

(बेसा गाव. लग्नाचं लॉन, दिवेलागणीची वेळ. तासाभरात संगीताचा कार्यक्रम. स्टेजसमोर लाईटचा कंट्रोल बोर्ड मांडला आहे. स्टेजवर नवरदेव उभा राहील तिथं चुन्याची फुली.)

देवाजी : उठ तिथून म्हणतो ना! त्या बोर्डाले हात लावू नोको.

दिपाली : उठते. आधी सांगा, आज बोर्डावर कोण बसून राहिलं?

देवाजी : आपल्या कामावरचा प्रीतम. येतच असन तो.

दिपाली : प्रीतमदादा? त्याले निळा कोणता न जांभळा कोणता हेच समजत नाही, बाबा. मागच्या टायमाले नवरीले हिरवीगार करून टाकली होती त्यानं.

देवाजी : हिरवी तं हिरवी. पडत तं नाही ना तो!

दिपाली : हां. आता बोलले तुम्ही मनातलं.

देवाजी : तसं नव्हतं म्हणाचं मले.

दिपाली : तसंच होतं. कन्हान गावच्या लग्नात मी पडली, त्याले अकरा दिवस झाले. तेव्हापासून घरात कोणी तो शब्द काढत नाही. आईनं तर शेजारच्या पुष्पलताकाकूले सांगून टाकलं, उपवासानं चक्कर आली म्हणून. त्या दिवशी मी तीन प्लेट पुलाव खाल्ला होता!

देवाजी : मंग काय दवंडी पिटू? उद्या पाहुणे येतीन तुले पाहाले. काय सांगू त्याइले?

दिपाली : दात पाहतीनच ना ते. हा पाहा. हा तुकडा मिरगीनं नाही गेला. तुमच्या चमच्यानं गेला.

देवाजी : दातखीळ बसली होती तुही! सारे वरडून राहिले होते, चप्पल हुंगवा, चमचा घाला. जे हातात आलं ते घातलं.

दिपाली : माहीत आहे जी. तुमच्यावर राग नाही माझा. पण पुढच्या बारीले ध्यानात ठेवा. तोंडात काहीच घालाचं नाही. कुशीवर वळवाचं, डोक्याखाली काही मऊ ठेवाचं, न घड्याळ पाहाचं. पाच मिनिटाच्या वर गेलं तं दवाखाना. चप्पल आपल्या पायात राहू द्याची.

देवाजी : हे तुले कोणं सांगतलं?

दिपाली : डॉक्टरबाईनं. मैत्रीण मिनलसंग गेली होती मी मंगळवारी. डोक्याले तारा लावल्या न डोळ्यासमोर लाईट चमकवला. आधी हळू, मंग जोरात. जोरात चमकला तशा स्क्रीनवर रेघा उसळल्या. माह्या डोक्यातला करंट त्या चमकण्यानं बिघडते, बाबा. भूतबाधा नाही, नजर नाही, उपवास नाही.

देवाजी : मंग झालं तं! लाईट सोड म्हणूनच सांगतलं ना त्याइनं?

दिपाली : नाही सांगतलं. गोळी दोन टाईम, झोप पुरी. शिडीवर चढाचं नाही, गाडी चालवाची नाही. सेकंदाले तीन वेळाच्या वर चमकणारा लाईट नाही. हळू चढणारा, हळू उतरणारा चालते. मी सारं ऐकलं. शिडी सोडली, गाडीची चावी आईजवळ देल्ली. बोर्ड नाही सोडत.

देवाजी : न बाजूच्या लॉनवाल्यानं चमकवला तं?

दिपाली : एक डोळा तळहातानं पुरा झाकाचा न तोंड फिरवाचं. विचारून आली मी तेबी.

देवाजी : तू सारं विचारून आली. मले एकच सांग. माह्यानं झालं का हे?

दिपाली : बाबा...

देवाजी : दहा वर्षाची होती तू. मैदानात चुन्यानं फुली मारो न तिथं तुले उभं करो. सारे लाईट तुह्या तोंडावर मारून पाहो मी, बरोबर पडून राहिले का नाही ते. बारा वर्षं! झोप नाही येत मले. सारखी ते फुली दिसते.

दिपाली : हेबी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बापानं नाही केलं. ते अंगातच होतं, लाईटनं फक्त वर काढलं. न खरं सांगू? मले लय आवडे फुलीवर. एकच गोष्ट नाही आवडे. तिथून तुम्ही कधी दिसले नाही. सारं पांढरं फटक. तुम्ही हाक मारली का समजे, बाबा कुठं आहेत ते.

सुशील : देवाजीकाका! झालं का नाही? माह्या नवरदेव भावाची एन्ट्री एकदम खतरनाक पाहिजे बरं. ते फटाफटवाले लाईट मारा. पब्लिकनं डोळेच नाही उघडले पाहिजे.

देवाजी : हो सुशीलभाऊ, होऊन जाईन...

दिपाली : नाही होणार, दादा.

सुशील : हे कोण आहे?

देवाजी : पोरगी हाय माही. तिची तब्येत जरा... उपवास होता...

दिपाली : उपवास नव्हता. मले मिरगी आहे. त्या फटाफट लाईटनं फिट येते. आज बोर्डावर मी बसून राहिली, म्हणून तो लाईट लागणार नाही.

सुशील : अरे यार! मंग दुसऱ्या कोणाले बसवा ना काका.

दिपाली : पाहुणे किती आहेत आज तुमचे?

सुशील : सातशे. काहून?

दिपाली : त्यात असं कोणाले आहे, माहीत आहे तुम्हाले?

सुशील : आमच्या घरी कोणाले तसलं काही नाही.

दिपाली : आमच्याबी घरी नव्हतं. मी पडल्यावर समजलं.

देवाजी : दिपा, गिऱ्हाईक हाय ते. जास्त बोलून राहिली तू.

दिपाली : बोलू द्या, बाबा. दादा, फटाफट लाईटात नवरदेवाचं तोंड तरी दिसते का? अर्धे पाहुणे डोळे मिटून बसते. एक गाणं दाखवते मी. नाही पटलं तं लावा दुसरा लाईटवाला.

सुशील : एकच गाणं हां. पाहुणे येऊन राहिले.

दिपाली : फुलीवर कोणी उभं पाहिजे, बाबा. प्रीतमदादा आला का?

देवाजी : नाही आला. राहू दे. मी जातो.

दिपाली : तुम्ही?

देवाजी : कधीच उभा नाही राहिलो मी तिथं. पाहतो कसं वाटते ते. हळू सोडजो.

दिपाली : हळूच सोडते. आधी पिवळा. आता केशरी चढवून राहिली.

सुशील : हलू नका काका! अरे वा, काकाच्या मिशीतला पांढरा केस अन् केस दिसून राहिला इथून.

दिपाली : मंग नवरदेव कसा दिसन, सांगा.

सुशील : ठेव असंच. भाऊ शिव्या देईन मले, पाहून घेईन मी. ते फटाफट राहू दे.

देवाजी : दिपा!

दिपाली : काय झालं, बाबा? डोळ्यावर येऊन राहिलं का?

देवाजी : नाही वं. तू दिसून राहिली इथून.