मानवलेली गोळी

पासिंग : उन्हाचंच झालं असेल हो, डॉक्टर. उद्या गावच्या फिएस्ताची जत्रा, सकाळपासून मांडवाचे बांबू बांधत होते. गरगरलं आणि कोसळले.

डॉ. विल्मा : मावशी, ऊन लागलं तर नाडी पळते. तुमच्या नवऱ्याची अडखळत चाललीय. रक्तदाब तळाला गेलाय. मधुमेह नाही म्हणता, आणि साखर चारशेच्या घरात. कोणती गोळी घेतली त्यांनी?

पासिंग : बेर्तो आणि गोळी? छे! काढासुद्धा घेत नाहीत.

डॉ. विल्मा : मला ब्लडप्रेशरच्या गोळीचा संशय आहे. लपवलंत तर माणूस हातचा जाईल.

पासिंग : कसं सांगू? जिनं दिली ती बाहेरच बसलीय. बाप्तिस्म्याला माझ्या लेकीला हातावर घेतलंय तिनं, लेकीची धर्ममाता, म्हणजे माझी कुमारे.

डॉ. विल्मा : बाईचं नाव नको मला. गोळीचं सांगा.

इस्यांग : (पडदा सारून आत येत) कशाला झाकतेस, कुमारे? माझीच गोळी, डॉक्टर. ब्लडप्रेशरचीच. ही घ्या पट्टी. डोकं धरून बसला होता बिचारा. मला इतकी मानवली, म्हटलं ह्यालाही मानवेल.

डॉ. विल्मा : किती दिल्या?

इस्यांग : तीन. पण रोज एकच, असं बजावलं होतं हं मी!

पासिंग : एकीनं डोकं दुखायचं थांबेना. म्हणून दुपारी उरलेल्या दोन्ही दिल्या. केवढाल्या त्या, घशाखाली उतरेनात. मग कुटून पेजेत कालवल्या.

डॉ. विल्मा : कुटल्या? अहो, ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची असते. सगळं औषध एकदम अंगात गेलं. सिस्टर, शिरेतून कॅल्शियम, आत्ताच्या आत्ता. मग इन्सुलिन, मोठा डोस, ग्लुकोजसोबत.

पासिंग : इन्सुलिन? ते तर साखरेवाल्यांना देतात! मारताय का त्यांना?

डॉ. विल्मा : त्या औषधानं हृदय उपाशी पडलंय, मावशी. इन्सुलिन त्याला साखर भरवतं. अंगातली साखर फार उतरू नये म्हणून ग्लुकोज चालूच राहील. मी इथून हलत नाही.

इस्यांग : देऊ दे गं. माझं ऐकून बुडालीस, आता त्यांचं ऐक.

पासिंग : द्या. द्या लवकर.

डॉ. विल्मा : बेर्तोकाका, ऐकू येतंय? माझं बोट दाबा. हां, शाब्बास. सिस्टर, पुन्हा रक्तदाब बघा.

पासिंग : काय झालं? बोला ना!

डॉ. विल्मा : नाडी जरा वर येतेय. पण लगेच हुरळू नका. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.

इस्यांग : मी निघते, पासिंग. कोणत्या तोंडानं बसू इथं?

पासिंग : निघतेस कुठं? भांडायचंय मला तुझ्याशी, चांगलं कडाकडा. पण ते उठून बसले की मग. तोवर बस इथं, आणि हात धर माझा.