माश्या चालत गेल्या

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढं उभा आहे. उपाशी घरातून माणूस निघून जातो, ते कळतं. भांडकुदळ घरातून जातो, तेही कळतं. पण भरलेलं घर आहे, कणगीत दाणे आहेत, शिंक्यावर लोणी आहे, कुणी कुणाला उणा शब्द बोललेलं नाही — अशा घरातून कुणी गुपचूप का बरं निघून जावं? नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका.

घाटमाथ्यावर एक वस्ती होती. तिथं कोंडिबा ढेबे आणि त्याची बायको तानूबाई राहायची. लेक सासरी गेलेली, घरात दोघंच. कोंडिबाचा सगळा जीव पेटीत! — तुमची नव्हे हो, पेटीवाले! तुमच्या पेटीतून सूर निघतात, त्याच्या पेटीत मधमाश्या नांदायच्या. लाकडी खोकं, आत चौकटी, चौकटींना लागलेली पोळी, आणि पुढं माश्यांना जायला-यायला बोटभर दार.

आता कोंडिबाची एक खोड होती. पेटी उघडून म्हणून बघायची नाही! मागं जायचं, एका हातानं पेटी जराशी उचलायची. जड लागली की "झकास!" म्हणायचं आणि चहाला यायचं. त्यात त्या साली कारवी फुलली. वर्षानुवर्षं वाट बघायला लावते ती, आणि फुलली की सगळा डोंगर जांभळा! पेटी अशी जड झाली, की गडी मिशीतल्या मिशीत हसायला लागला.

"तानू, औंदा लक्षुमी आली बग पेटीत!"

तानूबाई अंगणात भांडी घासत होती. म्हणाली, "आवो, पर माश्या उडंनात झाल्यात. दारातनं भाईर येत्यात, खाली पडत्यात, आन् गवतातनं चालत निगून जात्यात. जरा उघडून बगा की."

"पेटी जड हाय गं! जड पेटीला काय धाड भरलीया?"

झालं! संपला विषय! — हसताय काय? तुमच्या घरी नाही संपत असाच?

दसरा सरला. सकाळी तानूबाई गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. "म्या भावाकडं जाऊन येते. भाकऱ्या करून ठिवल्यात. दूध शिंक्यावर हाय."

"ये जाऊन," कोंडिबा म्हणाला. मान वर केली नाही. मध काढायचा होता ना त्या दिवशी! धुरासाठी गोवऱ्या पेटवत बसला होता. गाठोडं चांगलं मोठं होतं, मंडळी. चार दिवसांचं गाठोडं एवढं नसतं. पण बघतो कोण?

ती पाणंदीनं गेली. कोंडिबानं धूर दिला, झाकण उचललं — आणि आत शांत! गूं नाही, घूं नाही. चौकटी मधानं काठोकाठ भरलेल्या, आणि माश्या? राणीच्या भोवती मूठभर! अहो, जिथं बोट ठेवायला जागा नसायची, तिथं मूठभर!

कोंडिबानं एकेक चौकट उचलून बघितली. मग आला राग. "कुनी इख घातलं रं माज्या माश्यांला?" वस्ती गोळा झाली असती, पण त्याचं त्यालाच वाटलं, विषानं मेल्या असत्या तर खाली मढ्यांचा खच पडला असता. पेटीचा तळ तर स्वच्छ! मग पळाल्या म्हणावं? पळणारी माशी मधाची शिदोरी पोटात भरून घेते, राणीला संगं नेते. इथं मध जागच्या जागी, राणी जागच्या जागी. मग गेल्या कुठं?

पेटीच्या दारापुढं बसला. एवढ्यात दारातून एक माशी आली. पंख चुरगळलेले. पाठीवर मोहरीहून बारीक तांबडा किडा चिकटलेला. ती फळीवरून खाली पडली आणि गवतातून चालायला लागली. त्यानं तिला अलगद उचललं, दारात ठेवलं. "जा बाई, तुजंच घर हाय." ती वळली, पुन्हा पडली, पुन्हा चालायला लागली. पुन्हा उचलली. पुन्हा तेच!

कोणी हाकललं होतं तिला? कोणी नाही! आपल्या अंगाला लागलंय ते आतल्यांना लागू नये, म्हणून ती आपल्या पायानं लांब चालली होती. अशाच एकेक करून सगळ्या गेल्या, आणि हा बाबा रोज पेटी उचलून म्हणत होता — झकास!

आणि मंडळी, तिथंच त्याच्या काळजात लक्कन हललं. माश्या चालत जातायत, हे सांगितलं कुणी? तानूनं. रोज बसून बघत होती ती. आणि तानू अलीकडं झोपते कुठं? पडवीत. म्हणाली, "आत उकडतंया." अरे, आश्विनात घाटावर घोंगडी लागतात दोन-दोन, आणि हिला उकडतंय? ताट वेगळ्या कोनाड्यात कधीपासून? आणि खोकला आला की पदर तोंडाला लावून परसात का पळायची?

धूर तसाच, झाकण तसंच. कोंडिबा पळत सुटला! पायात वहाणा नाहीत, डोक्याला मुंडासं नाही.

फाट्यावर तानूबाई दगडावर बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन. हा समोर उभा राहिला, धापा टाकत.

"तानू, कवापासनं खोकतीस?"

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "जत्रंपासनं. काल रगत पडलं."

"आन् चाललीस भावाकडं?"

"भावाच्या घरात न्हाई. त्याच्या रानात खोप हाय रिकामी. तितं ऱ्हाईन. तुमास्नी लागायला नगं."

"मला सांगायचं हुतंस की गं!"

तानूबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "तुमी इचारलं कवा?"

कोंडिबाला रडू आलं, मंडळी. भर फाट्यावर, चार माणसांत! एवढ्यात एसटी आली. कंडक्टर ओरडला, "चढताय का न्हाई?" कोंडिबानं तिचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं. "चढतुया! दोगंबी! सरकारी दवाखान्यापतूर!"

गोळ्या चालू झाल्या. बरेच महिने घ्याव्या लागल्या, पण तानूबाई बरी झाली. तोवर कोंडिबा आपलं ताट घेऊन पडवीत यायचा, चार हात अंतर ठेवून तिच्यासमोर बसायचा आणि तिनं घास घेतल्याशिवाय घास घ्यायचा नाही. पेटीतल्या उरल्यासुरल्या माश्या मात्र वाचल्या नाहीत; त्या साली पेटी रिकामीच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, "बुवा, आमच्या घरी सगळं झकास आहे." कशावरून? पेटी उचलून बघितलीत ना? डबे भरलेले, भाकरी गरम, कपडे धुतलेले — जड लागली पेटी, आले चहाला! तो पांडुरंग काय फक्त राउळात उभा आहे? पडवीत अंथरूण टाकून पडलेल्या माणसात नाही?

टाळ खाली ठेवा, बाबांनो. आज एवढंच करा. घरी जा, आणि कोणाचं अंथरूण कुठं आहे ते बघा. जवळ बसून विचारा, "कसं वाटतंय तुला?" "बरं आहे," असं उत्तर येईल. ते ऐकून उठू नका. आणखी एकदा विचारा.