आचलनं जुनी शाई काढली नाही

डोळे मिटा, पोरांनो. समजा, पिपरी मेघेच्या माझ्या घरात तुम्ही खाटेवर बसला आहात. माझी लेक सुलोचना, म्हणजे आचलची आई, जाऊन उद्या वर्ष होईल. फोन वाजतो. सेलूहून आचल बोलते आहे. तिचं बोलणं तुम्हाला ऐकू येणार नाही. माझ्या बोलण्यावरून जुळवून घ्या.

हॅलो?… हो, आबाजीच. बोल, आचल… रडू नको, हळू सांग… प्रिंटर? आईचा?… आवाज करते, अन् कागद कोराच निघून राह्यला?

थांब. आधी बंद कर… केला? हं. आता पहिल्यापासून सांग.

…माहीत आहे मले. आईचा घरीच छापलेला फोटो तो. ओल्या हाराचं पाणी गळलं अन् डोळे, कपाळ, सारं ओघळलं… म्हणून उद्यासाठी नवा छापायले ही नवी शाई भरली तू… हो, पिगमेंट शाई पाण्यानं ओघळत नाई. मीच सांगितलं होतं तुले.

पहिला कागद?… चांगला आला. मग?… पट्टे. मग पट्टेही गेले…

अगं ऐक ना. जुनी शाई काढली होती ना आधी? सिरिंजनं?… आचल?… नाई काढली. काऊन? दोनदा सांगितलं होतं मी. जुनी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर. ही नवी म्हणजे पाण्यात कालवलेली हळद, कण असतात तिच्यात. दोन्ही मिसळल्या की गुठळ्या होतात. प्रिंटरची भोकं केसाहून बारीक… नाई, रागावून नाई राह्यलो. नाई म्हणतो ना. फक्त सांग, काऊन नाई काढली?

…काय?

…आईनं भरली होती.

हं.

हो… दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. शाळेतल्या पोरांची हॉल तिकिटं काढायची होती तिले… अर्धी टाकी उरली होती… ऐकून राह्यलो, बेटा.

…खोटं कसं सांगू तुले? धुऊन पाहू आपण. पण चालू होईल असं… नाई. बहुतेक नाई.

फोटोचं ऐक. बाबाच्या मोबाईलमध्ये आहे ना? वर्ध्याच्या स्टुडिओतून आणतील ते. हार घालू नको, फुलं खाली ठेवजो… बाबा कुठं गेले?… फुलं आणायले. आल्यावर प्रिंटरचं सांग त्यायले… भीती वाटते? मी सांगू?… तूच सांगशील. बरं.

आता सिरिंज घे. टाक्या रिकाम्या कराव्या लागतील… मोरीत? नाई, नाई, मोरीत नको ओतू. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आहे?… हो, सगळी एकातच. काळी होईल. होऊ दे.

…सावकाश. मी आहे इथं.

…निघाली? झाकण घट्ट लाव. अन् चिठ्ठी चिकटव वर, कोणी औषध समजून प्यायचं… लावली? काय लिहिलं, वाच.

…‘आईची. प्रिंटरमध्ये भरू नये.’

…हं.

बरोबर लिहिलं… गाडीचा आवाज? आले का बाबा?… बाटली हातातच राहू दे, जा, सांग त्यायले… हॅलो?… आचल?

ठेवला तिनं.