वळणारा ट्रॅक्टर

नाही हो राकेशभाऊ, तो पन्नास एचपीचा नको — आमची जमीन दीड एकर, गिरणारे गावाला, त्यात निम्म्यात पेरू. तो मोठा आत शिरला तर वळायच्या आधी शेतच संपेल. आम्हाला वळणारा हवा. हसताय कशाला — सगळेच वळतात, तेवढं कळतं मला, पण आमचे हे वळवत नाहीत, अडचण तिथं आहे. ते बघा, बाहेर खुर्चीवर पेपर वाचतायत ते. मनमाडला रेल्वेत होते, इंजिन ड्रायव्हर. उभा जन्म इंजिन चालवलं, आणि इंजिनाला स्टिअरिंग असतं का? नसतं. रूळ नेतील तिकडं जायचं. अशा माणसाला शेजारच्या भिकननं मागच्या महिन्यात आपला ट्रॅक्टर दिला, हौस म्हणून — तर हे निघाले नाकासमोर. बांध आला, बांधावरून. पुढं भिकनची टोमॅटो, काठ्या-तारांवर बांधलेली, त्यातूनही सरळ. तो बिचारा मागं पळतोय, ‘दादा, वळवा, वळवा ना’ — आणि हे एका हातानं हॉर्न वाजवतायत.

भिकन? नाही, भांडला नाही. आम्हीच दोघांनी काठ्या पुन्हा रोवून दिल्या. खरं तर मला राग यायला हवा होता, पण मी बांधावर उभी राहून हसत होते, कारण हे हसत होते. त्यात काय विशेष? रिटायर झाल्यापासून हसलेच नव्हते हो. पंचवटीत फ्लॅट घेतला, शेजार चांगला, गोदाकाठी फिरायला जाता येतं, तरी हे गप्प. मग रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायला लागले — मित्राकडं जातो म्हणायचे. मी आपली भाजी-पोळी बांधून देत होते. एकदा चष्मा विसरले म्हणून रिक्षा करून मागोमाग गेले, तर हे नाशिकरोड स्टेशनात, पार प्लॅटफॉर्मच्या टोकाला, बाकावर. डबा मांडीवर. गाडी सुटली की उभे राहायचे, गेली की बसायचे. मी चष्मा न देताच परत आले. मग जमिनीचा विषय मीच काढला, म्हटलं, मला पेरूची बाग हवी. मला कुठली पेरूची हौस — बिया दाढेत अडकतात माझ्या. हे त्यांच्याजवळ बोलू नका हं. त्यांना वाटतं शेत माझा हट्ट, ट्रॅक्टरही माझाच हट्ट. ‘मी नुसता सोबत आलोय’ म्हणून बाहेर बसलेत.

आणि मी तरी हे तुम्हाला का सांगत बसले? दाखवा तो अरुंद, द्राक्षबागेत चालतो तो — थांबा. खुर्ची रिकामी दिसतेय. ते बघा, त्या छोट्या निळ्यावर चढलेत. नाही, नाही, माहिती सांगायला जाऊ नका, काही विचारू नका. स्टिअरिंग डावीकडं वळवून बघतायत, आता उजवीकडं — करू द्या. काय म्हणतायत? ‘उज्ज्वला, इकडं ये.’ मडगार्ड थोपटतायत, इथं बस म्हणून. बसायचं नसतं? ठाऊक आहे, चालत्या ट्रॅक्टरवर धोक्याचं असतं. हा उभाच आहे ना? इतकी वर्षं इंजिन चालवलं, पण बायकोला आत घ्यायचा नियमच नव्हता. धरा ही माझी पर्स. आणि जरा पलीकडं व्हा तुम्ही.