सर्व्हेत शून्य नव्हतं

परवा आमच्या मनवेलपाड्याच्या चाळीत सर्व्हेवाली आली, तिचं सांगते. म्हणाली, “मावशी, पाण्याबाबत किती समाधानी आहात? एक ते पाचमध्ये सांगा.”

म्हटलं, “नळ चार दिवस कोरडा आहे. सून सात महिन्यांची पोटुशी, ती टँकरवरून हंडे आणते. शून्य लिही.”

“शून्य नाहीये यात. एक लिहू?”

“एक म्हणजे थोडं तरी समाधान झालं. तेवढंही नाही.”

तिने टॅबवर बोट टेकवलं. मी चौथी शिकलेय, वाकून वाचलं: ‘सांगता येत नाही’. डोकंच फिरलं माझं. हेच वर गेलं तर आम्हाला पाणी कोण देणार?

म्हटलं, “बाई, सांगता मला येतंय. ‘ऐकता येत नाही’ असा एक रकाना तुझ्या साहेबांसाठी ठेव.”