मुलीचा अंगठा

पारखी : नाण्यावर वाकून बोलू नका, ताई. बोलायचं तर मागे सरकून बोला.

मुलगी : ठाऊक आहे. थुंकीचा कण उडाला की डाग पडतो. आमच्या घरात मूल आधी हे शिकायचं, मग मुळाक्षरं.

पारखी : साहेबांची शिस्तच तशी होती. ते गेले तेव्हा मी परगावी होतो, नाहीतर आलो असतो. वहिनी, उभ्या का? बसा ना.

आई : बरी आहे मी इथंच. लवकर आटपा तुमचं.

मुलगी : मला एकच विचारायचंय. नाण्यावरचा हा अंगठ्याचा ठसा निघतो का?

पारखी : विकायचंय का?

मुलगी : नाही. मला तो डोळ्यांसमोर नकोय. आठ वर्षांची असताना मी लावला आणि त्याच वर्षी माझी वसतिगृहात रवानगी झाली. बाबांनी मला त्यांच्या नाण्यांच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही, शेवटच्या आजारातसुद्धा. डबीत त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, वाचा.

पारखी : 'सोन्याचं प्रूफ नाणं, एकोणिसावं शतक. स्थिती उत्तम. दोष : मुलीचा अंगठा.'

मुलगी : नावसुद्धा नाही.

पारखी : ताई, प्रूफ म्हणजे बाजारात फिरवायला पाडलेलं नाणंच नव्हे. साचा घासून घासून आरशासारखा करायचे आणि नमुना म्हणून अशी मोजकीच पाडायचे. त्या आरशावर घाम लागला की सोन्यात मिसळलेलं तांबं तो धरून ठेवतं. पुसायला गेलात तर आरसाच खरवडून निघेल. ठसा नाही जायचा.

मुलगी : म्हणजे जन्माचा सोबती.

पारखी : थांबा जरा. दिवा इकडे घेतो. तुम्ही आठ वर्षांच्या होतात म्हणालात? अंगानं थोराड होतात का?

मुलगी : छे, काडीपैलवान. का हो?

पारखी : या अंगठ्यानं निम्मं नाणं व्यापलंय. लहान मुलाच्या रेघा बारीक असतात, दाट असतात. या चांगल्या रुंद आहेत. शिवाय मधून एक तिरपा छेद गेलाय, जुन्या जखमेचा. हा मोठ्या माणसाचा अंगठा आहे, ताई.

(आई उजवा हात पिशवीखाली सरकवते.)

मुलगी : आई, हात दाखव.

आई : घरी जाऊन बोलू.

मुलगी : घरी बोलायला तीस वर्षं होती की आपल्याला.

पारखी : मी जरा बाहेर थांबतो, वहिनी.

आई : बसा. तुम्हीच उकरून काढलंत, आता ऐका. माझ्या आईनं लग्नात मला घातलेल्या सोन्याच्या बांगड्या मोडून यांनी हे नाणं आणलं. मला ते एकदा हातात धरून बघायचं होतं. हातमोज्यांशिवाय.

मुलगी : आणि नाव माझं पुढे केलंस.

आई : वाटलं, लेकरू आहे, दोन दिवस रागावतील आणि विसरून जातील. माझ्यावर चिडले असते तर काय झालं असतं, ते तुला माहीत आहे.

मुलगी : चांगलंच माहीत आहे. पण बाबा भिंगाखाली केसाएवढी चीर शोधून काढायचे. त्यांना हा छेद दिसला नाही?

आई : दिसला. दुसऱ्याच दिवशी. जेवताना माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले.

मुलगी : मग?

आई : म्हणाले, चिठ्ठी लिहून झालीय, आता खाडाखोड नको.

मुलगी : म्हणजे मला सोडायला आलात तेव्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आई : हो.

मुलगी : मी गाडीत मागे बसून 'चुकले, पुन्हा नाही करणार' म्हणत होते, आणि तुम्ही दोघं समोरचा रस्ता बघत होतात.

आई : पुरे गं आता.

मुलगी : पण मला आठवतंय, आई. मी खुर्चीवर चढले, डबी उघडली, नाणं बोटाला गार लागलं. ते मग कुठून आलं माझ्याकडे?

आई : गार मला लागलं होतं. तुला मांडीवर घेऊन मी ते सगळं तूच केलंस असं सांगितलं, आणि तू हो म्हणालीस.